तांबड्या बलकाची तेस्सा

तेस्साच्या टोपलीतून कोंबडी उडाली ती थेट नुच्चोच्या चित्रशाळेत, आणि तिच्यामागे तेस्सा.

“ही तुझी का?” नुच्चोने कोंबडी काखेत धरून विचारलं.

“नाही, चित्र काढून घ्यायला आलीय… बसायचे पैसे घेते, परवडेल ना तुम्हाला?”

तेव्हा फ्लॉरेन्समध्ये चित्रकार रंग अंड्याच्या बलकात घोटत. शहरी कोंबडीचा फिका बलक कुमारिकांच्या गालांना, गावठीचा तांबडा म्हाताऱ्या संतांना. तेस्साच्या टेकडीवरचा बलक तर इतका तांबडा, की त्यात रंगवलेल्या एका संताने सावलीत बसवा म्हणून तक्रार केली होती, असं बाजारात शपथेवर सांगत.

त्या दिवसापासून दर गुरुवारी तेस्सा डझनभर अंडी पोचवू लागली. हिवाळा संपला, आणि एका गुरुवारी नुच्चो म्हणाला, “आता अंडी नकोत.”

तेस्सा टोपलीतली अंडी उगाच पुन्हा मोजू लागली. अंडी नाहीत तर या दारात यायचं तरी कोणत्या तोंडाने?

“का? माझ्या कोंबड्यांनी काय घोडं मारलं?”

“उत्तरेकडे फ्लँडर्सचे चित्रकार जवसाच्या तेलात रंग घोटतात. बलक बघता बघता वाळतो. तेल आठवडे वाळत नाही… विचार बदलता येतो.”

“मी नाही बाई बदलत. एकदा ठरलं की ठरलं.”

“कशाबद्दल?”

“आहे एकाबद्दल,” म्हणत ती फळीवरच्या चित्राकडे वळली.

येशूची आई मारिया होती. पण मागे सोनेरी वर्ख नव्हता; खिडकी होती, खिडकीत टेकडी.

“आईला सोन्यातून उठवून खिडकीशी बसवलीत?”

“उजेड कुठून येतो ते कळायला नको?”

तेस्सा आणखी जवळ गेली. हनुवटीवर खळी. रोज सकाळी पाण्याच्या बादलीत दिसते, तीच.

“ही हनुवटी कुणाची?”

“असते… एकेकीची.” नुच्चो धुतलेलाच कुंचला पुन्हा धुऊ लागला.

“आणि गालावर हे कुंपण कशाला?” उजेड आणि सावली यांच्यामध्ये एक करकरीत रेघ उभी होती. तेस्साने बोट लावलं. ओलं! घाबरून पुसायला गेली, तर रेघच विरघळली. संध्याकाळ टेकडीवर चढते तशी सावली गालावर हलके चढली. मारिया आता श्वास घेईलसं वाटलं.

नुच्चो कुंचला टाकून चित्रापाशी आला.

“रागावलात?”

“तीन आठवडे कुंचल्याकडे हेच मागत होतो… कसं केलंस?”

“चुकून.”

“मग उद्या येऊन दुसऱ्या गालावरही चूक.”

“अंड्यांशिवाय? लोक काय म्हणतील?”

त्याने फडक्याने तिचं बोट पुसलं. पुसून झालं तरी सोडलं नाही. “म्हणतील, नुच्चोची बायको त्याच्या कामात बोटं घालते… तुझी हरकत नसेल तर.”

तेस्साने बोट हळूच सोडवून घेतलं. नुच्चोचा चेहरा पडला.

“उद्यावर कशाला ढकलायचं?” ती म्हणाली, आणि बाही वर सारून दुसऱ्या गालाकडे वळली.