जुने नंबर बदलत नाहीत

बालीगंजहून न्यू टाउनला जाणाऱ्या बसमध्ये मराठीत बोलणं म्हणजे दाराला कडी लावून बोलणं, असा नूपुरचा समज होता. कोलकात्यातल्या समस्त मराठी माणसांचा असतो. म्हणून ती फोनवर आईला मोकळ्या गळ्यानं सांगत होती, "ऑफिसात एक शॉन्तोनु आहे, कुणी बंगाली, अजून पाहिलाही नाही. माझं काम परत पाठवलं त्यानं. मठ्ठ असणार. आणि ते स्थळ नकोच. लग्नात नाव बदलणार म्हणे, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून."

शेजारचा तरुण खिडकीबाहेरची काश गवताची पांढरी फुलं पाहत होता. जरा जास्तच मन लावून. फोन ठेवल्यावर म्हणाला, "शंतनु. तो मीच. मराठी कळते सगळी… बोलताना जरा तुटते."

लाज वाटली की माणूस कामाचं बोलतो. "का परत पाठवलंत?" तिनं विचारलं.

"प्रोग्रामला फाइल वाचायची असली, तर तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला एक नंबर सांगतो. दर जातीच्या प्रोसेसरचा नंबरांचा तक्ता वेगळा. तुम्ही सगळ्यांना मिळून एकच केलात, छान. पण जुने नंबरही बदललेत."

"नीटनेटकं दिसावं म्हणून."

"कुठल्यातरी जुनाट मशीनवर एक प्रोग्राम अजून जुन्याच नंबरानं हाक मारतोय. लिहिणारा कदाचित जगातही नाही. तरी ओ द्यावी लागते. नव्या कामांना मात्र सगळीकडे एकच नंबर."

नूपुरनं बसभर पाहिलं. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येक फोनच्या पोटात अखंड हाका, आणि कुणीतरी न कुरकुरता ओ देतंय… देवळात येतो तसा काटा तिच्या अंगावर आला. तोही सिग्नलला.

तक्ता दोघांनी मिळून पुन्हा केला. तो मंजूर होईतो 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, आणि शंतनुची वाट पाहणं हा तिच्या कामाचाच भाग झाला होता. त्यानं मात्र काही विचारलं नव्हतं.

मग गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्याच्या आईनं, सुलभाकाकूंनी, तिला जेवायला बोलावलं. पोळी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "आमच्यात नाव बदलतात हं. मीही माहेरची विनीता."

नूपुरनं उचललेला घास परत ताटात ठेवला. आता हा काय बोलतो, यावर सगळं होतं.

शंतनु पानाकडे पाहत म्हणाला, "आई, हिचं नाव नाही बदलायचं. हिच्या आईनं नूपुर म्हणून हाक मारली, तर ओ कोण देणार?"

"मग दोघांचं एक असं काय राहणार रे?"

"इथून पुढे जे नवं येईल ते." त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे… हिला चालणार असेल तर."

"मला विनीता म्हणणारं कुणी उरलंच नाही," असं पुटपुटत काकू शेगडीकडे वळल्या.

नूपुरनं शंतनुकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "विनीताकाकू, अजून एक पोळी. आता इथलीच सवय करायची आहे."

"ओ," पाठमोऱ्या काकू म्हणाल्या. आणि आपल्याच आवाजानं दचकून, उलथनं हातात तसंच धरून, उभ्या राहिल्या.