गोफणीच्या बरगड्या

"रविवारी गोफण अफजलपूरला जाणार म्हणजे जाणार!" बाबांनी फाटक्या गादीतला कापूस उचलून अंजूच्या पुढ्यात टाकला. "बघ! ही बी गादी गेली!"

गोफण म्हणजे अंजूची कुत्री. अस्सल मुधोळ जातीची! वयानं अजून पिल्लूच, पण उंची अंजूच्या कमरेला लागलेली. लांब तोंड, काटकुळे पाय, आणि एकदा पळत सुटली की कुणाच्या बापाला सापडायची नाही! अंजूच्या मामानं ती मोठ्या हौसेनं दिली होती.

पण मामाला द्यायला काय जातंय? अंजूचे बाबा, अरुणकुमार, यंदाच उदगीरहून कर्नाटकातल्या संतपूरला आले होते. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान, आई शेजारच्या गावात शिक्षिका, अंजू शाळेत. दिवसभर घराला कुलूप आणि अंगणात गोफण एकटी! संध्याकाळी येऊन पाहावं तर कुंड्या आडव्या, चपला गायब, गादीच्या चिंध्या. वर तिचं पोटही सारखं बिघडलेलं.

"अफजलपुरात श्रीपतकाकाच्या मळ्यात मोकळी तर राहील," बाबांचा आवाज जरा उतरला. "हितं वाळायली ती. रात्री अन्नाला तोंड लावंना. आता दसऱ्याची सुट्टी हाय, पण शाळा भरल्यावर कोण बघणार तिच्याकडं?"

अंजूला रडूच फुटलं. संतपुरात आल्यावर तिची पहिली मैत्रीण गोफणच होती.

सकाळी ती तडक शेजारच्या शिवलीलाकडे गेली. तिचा धाकटा भाऊ रेवणसिद्ध पायरीवर बसून पेरू खात होता.

"मला एक कोडं सुटंना," अंजू नाक पुसत म्हणाली. "आई सकाळी तिला नुसती दूध-भाकरी घालती. मग काल ती ओकली, त्यात मिरची कुठून आली?"

"भूत!" रेवणसिद्ध पेरू चावत म्हणाला.

"गप रे! आणि शिवलीला, राग मानू नको, पण तुमच्या आज्जीला गोफण बघवत न्हाई. परवा दुपारी मी घरात झोपले होते, तर भिंतीपाशी येऊन 'पाप, पाप' करायल्या! आमची गोफण पाप व्हय?"

शिवलीला पोट धरून हसायला लागली. "अगं येडे! कन्नडात 'पाप' म्हणजे 'बिचारी'! आज्जीला कीव यायलीय तिची!"

"कीव? ती कामून?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इथंच काहीतरी पाणी मुरत होतं!

दुपारी आई शाळेच्या कामाला गेल्यावर अंजूनं शाळेच्या दिवसासारखं घराला कुलूप लावलं, गोफणीला अंगणात ठेवलं, आणि तिघंही शिवलीलाच्या गच्चीवर सोयाबीनच्या पोत्यांआड आडवी झाली.

आधी आल्या पलीकडच्या घरातल्या राजूबाई. भिंतीवरून डोकावल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं माय! बरगड्या दिसायल्यात की! कुत्रं पाळायचं आन् उपाशी मारायचं, कसली माणसं!" आणि शिळी भाकरी थेट अंगणात!

मग हॉटेलवाले व्यंकटकाका. "घे गं, गरमागरम हायेत!" त्यांनी मिरची भज्यांचा पुडा मोकळा केला.

"सापडलं भूत!" रेवणसिद्ध कुजबुजला.

तेवढ्यात शिवलीलाच्या नागव्वा आज्जी काठी टेकत आल्या. "पाप! एष्टु सण्ण आग्याद!"

"किती बारीक झालीय, म्हणती," शिवलीलानं सांगितलं. तुपानं माखलेली पुरणपोळी भिंतीपलीकडे पडली.

गोफणीनं ती गट्ट केली. पण मग तिनं भिंतीवर पाय ठेवले आणि निघून जाणाऱ्या आज्जींकडे बघत ती केविलवाणी कुंईकुंई करू लागली. आज्जी वळल्या नाहीत. तशी ती अंगणभर गरगरा धावली आणि रागारागानं कुंडी पाडली.

"तिला भूक न्हाई लागलेली," अंजू म्हणाली. "कुणीतरी तिच्यापाशी थांबावं, एवढंच पाहिजे तिला."

इतक्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली. उतरलेल्या माणसानं इकडेतिकडे पाहिलं आणि पत्र्याच्या फाटकाखालच्या फटीतून हात घालून शेंगदाण्याचा लाडू आत सरकवला.

"बाबा!" अंजू ओरडणारच होती, शिवलीलानं तिचं तोंड दाबलं.

"खा बाळा," बाबा म्हणत होते. "तिकडं कोण लाडू देणार तुला?" आणि त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"म्हणजे बाबांना बी ती उपाशीच वाटायली!" अंजू ताडकन उठून बसली. "अरे, मुधोळ बारीकच असणार की! पळणारं जनावर हे! मामानं किती वेळा बजावलंय, अंगावर मांस चढवू नका, रोज पळवा म्हणून. ऐकतंय कोण!"

"मोठ्यांना सांगून कळत नसतं, अंजूअक्का," रेवणसिद्ध गंभीरपणे म्हणाला. "दाखवावं लागतंय!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघांनी गोफणीला सोयाबीन निघालेल्या रिकाम्या रानात मनसोक्त पळवलं आणि शिवलीलाच्या गोठ्यात नेलं. तिथं ती गाढ झोपली. इकडे अंगणाच्या कोपऱ्यात मातकट कांबळं पांघरून रेवणसिद्ध ओणवा झाला. पुढ्यात परात!

भाकरी पडली. भजी पडली. पोळी पडली. प्रत्येक वेळी रेवणसिद्ध असा काही कुंईकुंई करायचा की खुद्द गोफणही फसली असती! शेवटी फाटकाखालून बाबांचा हात आला. रेवणसिद्धनं रांगत जाऊन लाडू घेतला, तरी हात काही मागे जाईना. लाड करायचे होते ना! रेवणसिद्धनं डोळे मिटले, शिवाचं नाव घेतलं आणि तो हात चाटला!

"आज जीभ एवढीशी कशी झाली गं तुझी?" बाबा पुटपुटले. गच्चीवर दोघी तोंडात ओढणी कोंबून लोळत होत्या.

संध्याकाळी अंजूनं सगळ्यांना चहाला बोलावलं. आणि चहाआधी प्रत्येकापुढे एकेक ताटली आली.

"अरे, ही तर माझीच भजी!" व्यंकटकाका दचकले.

"एक कमी हाय," रेवणसिद्ध म्हणाला. "ते मी खाल्लं."

राजूबाई भाकरीकडे बघत राहिल्या, नागव्वा आज्जी पोळीकडे. बाबांनी लाडू पाहिला आणि मान खाली घातली.

"अहो, तुम्हीसुद्धा?" आईला हसू आवरेना.

"तुम्ही सगळ्यांनी मायेनंच घातलं," अंजू म्हणाली. "पण त्यानंच तिचं पोट बिघडायलंय. तिला खाऊ नका घालू, वेळ घाला! सकाळी आम्ही पळवू. दुपारी तुम्ही आळीपाळीनं या, रिकाम्या हातानं, आणि घटकाभर तिच्यापाशी बसा."

"आता गं बया!" राजूबाई वरमल्या. "पोरीचं खरं हाय की!"

"उद्या बघू," बाबा म्हणाले. "गादी फाटली तर मात्र अफजलपूरची गाडी ठरलेली!"

शनिवारी गोफण पहाटे रानात धावली. आईनं जुन्या पोत्याच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून ते पोतं तिच्यापुढे टाकलं, तुकडे हुंगत-शोधत तिचा अर्धा दिवस गेला. दुपारी आधी राजूबाई येऊन बसल्या, मग आज्जी. व्यंकटकाका तर दोरी ओढण्याच्या खेळात धोतर फाडून घेऊन गेले!

संध्याकाळी बाबांनी फाटक उघडलं. अंगण शांत! अंजू पुढं होऊन डोकावली. अंगणातल्या नव्या गादीवर चारी पाय वर करून गोफण घोरत होती, आणि गादी अखंड होती!

"जिंकलो!" रेवणसिद्धच्या आरोळीनं गल्ली दणाणली.

रविवारी श्रीपतकाका टेम्पो घेऊन आले. बाबा फाटकात आडवे उभे राहिले. "काका, माफ करा. गोफण देत न्हाई. आम्ही तिच्या बरगड्याच बघत बसलो. तिला काय पाहिजे ते या लेकरांनी ओळखलं."

सगळी हकीकत ऐकून काका खदखदून हसले. "मग इतक्या लांबून मी रिकामा जाऊ व्हय? ही तिघं पोरंच द्या मला! आमच्या घरच्या मोठ्यांना बी जरा शिकवायचंय!" त्यांनी तिघांच्याही पाठीवर शाबासकीची थाप मारली.

बाबांनी स्वतःच फाटक उघडलं. गोफण सुसाट रानाकडे सुटली आणि तिच्यामागं इस्त्रीच्या कपड्यांतले बाबा! "अगं थांब! थांब की!"

अंजूनं मात्र हाक मारली नाही. गोफण पळून पळून दमली की घरीच येणार होती.