आभाराचं पान

माणिकपूरच्या चर्चसमोर क्लेमेंट अंकलचं डीटीपी सेंटर होतं. १९९९च्या ऑगस्टमधली एक ओली दुपार... सुमेध आत शिरला तो शर्टाखाली कागदांचा गठ्ठा दडवून. स्वतः निथळत, कागद कोरडे.

"थीसिस आहे. समीकरणं खूप आहेत. जमेल?"

"फिजिक्सची बीएस्सी आहे मी," कॉम्प्युटरवर टायपिंग करणारी संजना म्हणाली. "अक्षर लागलं तर जमेल."

अक्षर लागलं. मग तो रोज संध्याकाळी एव्हरशाईन सिटीतल्या घरून येऊ लागला. खुर्ची ओढून शेजारी बसायचा — चिन्हं तपासायला म्हणे.

"हे नेमकं आहे काय?" तिने एकदा विचारलं.

"अणूंची रांग. एकाला हलवलं की ऊर्जा शेजाऱ्यांत वाटली जाते, लाट विरून जाते. पण तोच खूप जोरात थरथरला तर त्याचा ताल बदलतो, शेजाऱ्यांशी जुळत नाही. मग ऊर्जा त्याच्यापाशीच कोंडून राहते."

"कायमची?"

"क्वांटममध्ये कायमची नाही. शेजाऱ्याकडे सरकते... पण फार हळू."

"म्हणजे किती?"

"शेजाऱ्याने धीर धरावा इतकं." बघत होता स्क्रीनकडे, पण कान लाल झाले होते.

"संजना," काउंटरवरून अंकल म्हणाले, "ह्याला नातवंडं होतील तोवर चौथा चॅप्टर संपव हां."

येत्या रविवारी तो पुढच्या संशोधनासाठी जर्मनीला निघणार होता, दोन वर्षांसाठी. जिच्या बोटांच्या वेगाची माणिकपुरात ख्याती, ती आता एकेक चिन्ह दोनदा तपासायची. तरी प्रकरणं संपली. उरलं आभाराचं पान. गाईड, आईबाबा, होस्टेलचे मित्र... आणि तळाशी त्याच्या तिरक्या अक्षरात, 'सुबक टायपिंगसाठी कुमारी संजना राऊत.'

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग बाकी सगळं टाईप केलं.

संध्याकाळी त्याने स्क्रीनवर वाचलं. "तुझं नाव राहिलं."

"राहिलं नाही. मी गाळलं."

"का?"

"आभार मानले की माणूस मोकळा होतो ना..."

बाहेर रिक्षावाले वसई रोड स्टेशनची गिऱ्हाइकं पुकारत होते.

"मला नाही व्हायचं मोकळं," तो शेवटी म्हणाला, अगदी हळू. "दोन वर्षं... थांबशील?"

तिने मान वर केली नाही. कर्सर तेवढा 'प्रिंट'वर नेऊन ठेवला.

"थांबेन," ती म्हणाली. "पण बाइंडिंगवाला सातला बंद करतो. पान असंच जाऊ दे?"

"असंच."

प्रिंटरमधून पान आलं, अजून गरम. त्यावर सगळ्यांचे आभार होते — तिचे सोडून.