सिद्धेशचं पान

मधुवंती त्या रविवारी सकाळी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला गेली, तेव्हा तिच्या पिशवीत एक हार्ड डिस्क, दोन केबल आणि आईने दिलेले नारळाचे लाडू होते. काम साधंच होतं. ‘खाजण’ या बँडचे चारही अल्बम मूळ कॅसेटवरून उतरवून घ्यायचे आणि जगासमोर पूर्ण ठेवायचे.

पूर्ण. हा शब्द तिने ग्लासगोहून आणला होता. तिथे ती जुन्या ध्वनिमुद्रणांचं जतन शिकली. तिथली पोरं आपल्या शहरातल्या बँडबद्दल आपण गडकिल्ल्यांबद्दल बोलावं तसं बोलायची. मग हीसुद्धा मान ताठ करून म्हणायची, “आमच्याकडेही आहे एक,” आणि त्यांना खाजण ऐकवायची. मराठी शब्द, खरखरीत गिटार आणि सिद्धेशचे ड्रम. सिद्धेशचा ठोका नेहमी अर्धा श्वास उशिरा पडायचा, घाईघाईने आलेला माणूस दारात चप्पल काढायला थांबावा तसा. त्या अर्ध्या श्वासावर तिने परदेशातले दोन हिवाळे काढले होते.

दोन अल्बम झाले आणि सिद्धेश तीन दिवसांच्या तापात गेला. गाणारा विद्याधर आणि बास वाजवणारी दर्शना यांनी त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. पुढचे दोन अल्बम ड्रमशिवायच निघाले.

विद्याधरचा गाळा औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर होता. सुट्टीमुळे खालची यंत्रं गप्प होती. जिन्यात तेलाचा वास होता आणि आत भिंतींवरच्या जुन्या स्पंजचा, ओलसर.

“काका, मी मधुवंती...”

“काका नको गो म्हणू. रॉकस्टार आहे मी.” गुडघ्याचा पट्टा सावरत विद्याधर खुर्चीत टेकला. “लाडू आण इकडे.”

लाडू खाता खाता त्याने चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र पुढे ओढलं. वर एकेका ट्रॅकचा आवाज वर-खाली करणाऱ्या चार सरकत्या खिट्ट्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एक सुई.

“पहिले दोन अल्बम सगळे घे. चौथ्या ट्रॅकवर सिद्धेश आहे. पुढच्या दोनांचे तीनच ट्रॅक घ्यायचे. चौथी खिट्टी वर करायची नाही.”

“पण तो रिकामाच असणार ना?”

“रिकामा नाही, ठेवलेला आहे. आमच्या कणकवलीला म्हाळात पितरांसाठी पान वाढतात, तसा. तो गेल्यावरही आम्ही त्याचे ड्रम मांडायचो, पुढे माइक लावायचो, चौथा ट्रॅक चालू ठेवायचो. नंतर कधी ऐकला नाही. वाढलेल्या पानात कोणी हात घालतं का?” त्याने तिच्याकडे पाहिलं. “शब्द दे.”

तिने दिला. अगदी मनापासून.

तीन वाजेपर्यंत पहिले दोन अल्बम उतरले. ते ऐकताना तिची छाती भरून आली. इतकं अस्सल काहीतरी आपल्या उपनगरात, एका गाळ्यात घडलं होतं, आणि ते जपायला ती परत आली होती. विद्याधर चहा आणायला खाली गेला. तिने तिसऱ्या अल्बमची कॅसेट लावली.

तीन सुया हलू लागल्या. मग चौथीही हलली.

तिने पुन्हा पाहिलं. रिकाम्या ट्रॅकची सुई इतकी हलत नाही, हे तिला शिकवलेलं होतं. आपण काही नुसती पाहुणी नाही, तिने स्वतःला सांगितलं. सगळं जपायचं तर सगळं ऐकायला हवं. जिन्याकडे एकदा बघून तिने खिट्टी वर सरकवली.

आधी नुसती सरसर. मग काठीवर काठी घासल्याचा आवाज. मग ड्रम.

प्रत्येक ठोका अर्धा श्वास उशिरा.

ती हलली नाही. इतकं सुंदर त्याने जिवंतपणीही वाजवलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटला तो अभिमान. हे मला सापडलं...

मागे काचेचे ग्लास वाजले. विद्याधर दारात उभा होता. तो रागावेल असं तिला वाटलं, पण तो डोळे मिटून ऐकत राहिला.

“तालात आहे बघ अजून,” तो हळूच म्हणाला. “माझा ड्रमर आहे तो.”

गाणं संपलं. ड्रम थांबले नाहीत. तिने यंत्र बंद केलं तेव्हा कुठे थांबले.

“आता...” विद्याधरचा आवाज खाली गेला. “आता पहिला अल्बम लाव.”

“का?”

“लाव, बाय.”

तिने सकाळचीच प्रत लावली. गिटार आली, बास आला, विद्याधरचा तरुण आवाज आला. ड्रम आले नाहीत. तिने मूळ कॅसेट लावली. मग फोन काढला. त्यात ग्लासगोतल्या थंडीत शेकडो वेळा ऐकलेलं तेच गाणं होतं. जिथे तो अर्धा श्वास असायचा, तिथे काहीच नव्हतं.

“एक माणूस किती पानांवर बसणार?” विद्याधर म्हणाला. चहा तसाच गार झाला.

तिने खिट्टी खाली ओढली, कॅसेट उलटसुलट लावून पाहिली. काही परत आलं नाही. शेवटी मुलुंडला राहणाऱ्या अपूर्वाला तिने फोन केला. शाळेत एकाच इअरफोनची दोन टोकं कानात घालून दोघींनी तो अल्बम ऐकला होता.

“पहिल्या अल्बममध्ये ड्रम?” अपूर्वा हसली. “कुठे होते गं? तेव्हा खाजणला ड्रमर होताच कुठे, यार. तो नंतर आला ना.”

महिन्याभराने चारही अल्बम लोकांसमोर आले. लोकांनी कौतुक केलं. बँडने शांत सुरुवात करून शेवटी ड्रम आणले, असं जाणकारांनी लिहिलं. मधुवंतीने ते सगळं वाचलं, आणि तिला अभिमान वाटला, हेही खरं. फक्त तो कशाचा, ते तिला कुणाला सांगता येत नाही.

एवढंच, की तिसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं ती आता सहसा लावत नाही. त्याच्या आधी काठ्यांचे चार ठोके पडतात. गाळ्यात ऐकलं तेव्हा ते नव्हते. गेल्या आठवड्यात ते सुरांच्या बरेच आधी पडले.

काल, तिने बटणाला बोट लावायच्या आधी.