आठ नॅनोमीटरचा पडदा

माझा सेन्सर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला होता, वरून सुतळी बांधलेली, आणि कडेनं सगळीकडे सिलिकॉन फासलेलं. राहनाळच्या त्या गोडाऊनच्या चार्जिंग रूममध्ये मी आठवड्याभराचे आकडे घ्यायला आले होते आणि टेबलावर हे गाठोडं. बाहेर जुलैचा पाऊस पत्र्यावर आपटत होता, माझी ओढणी ठिबकत होती, आणि अंगात मात्र आग पेटली होती.

"हे कोणी केलं?"

"मी," मागून आवाज आला.

वळून पाहिलं. सव्वीस-सत्तावीसचा असेल. निळा शर्ट, खिशाला टेस्टर, हातात बॅटरीत ओतायच्या पाण्याचा कॅन. चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नाही, उलट काहीतरी चांगलं केल्यासारखा भाव. मी आणखी चिडले.

"का केलंत?"

"ओरडत होता. दिवसातनं दहा-दहा वेळा. मॅनेजर बोलले, कचऱ्यात टाक. मी टाकला न्हाय, बांधून ठेवला. वरनं पाणी गळतं म्हणून सिलिकॉन पण मारला. तुमच्यासाठी सांभाळला, मॅडम."

"सांभाळला? सिलिकॉनच्या वाफेनं तो मरतो. तुम्ही मारून सांभाळलात त्याला."

मग तिथेच, ओल्या चपलांनिशी, त्यानं विचारलं नसतानाही मी त्याला सगळं सुनावलं. आत एक चिप आहे. चिपवर टिन ऑक्साइडचा पडदा आहे, आठ नॅनोमीटर जाड. डोक्यावरचा केस त्याच्या दहा हजार पट जाड असतो. हवा काढून घेतलेल्या यंत्रात मी तो वाढवते. एक वाफ सोडायची, तिचा थर बसू द्यायचा, उरलेली वाफ काढून टाकायची, दुसरी सोडायची. असं शंभर वेळा. वरून पॅलेडियमचे बारीक कण. खोलीत हायड्रोजन वाढला की त्या पडद्यातून वीज सहज वाहू लागते, आणि तेच कळून भोंगा वाजतो. तो पडदा न तडकता बसावा म्हणून माझं दीड वर्ष गेलं होतं.

त्यानं कॅन खाली ठेवून सगळं ऐकलं. आणि एकच विचारलं.

"मंग तो ओरडत होता, ते खरा होता का खोटा?"

हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. माझे पीएचडीचे गाईड विचारायचे, पेपर कधी होतोय. गोडाऊनचे मॅनेजर सावळाराम चौधरी विचारायचे, किती दिवस ठेवणार.

"खरं होतं," मी म्हणाले. "फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. वास नाही, रंग नाही. हवेत चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते."

"मना म्हाईत हाय." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे छतापर्यंत खोके रचलेले होते. "त्याच्यामागं एक्झॉस्ट पंखा हाय. एप्रिलपासून बंद. माल ठेवायला जागा न्हाय म्हणून. तीनदा सांगितला मी."

"लिहून दिलंत?"

"कंत्राटी माणसानं लिहून दिला की दुसऱ्या दिवशी गेटपास जातो."

"म्हणून भोंग्याचंच तोंड बांधलंत."

हे मी फार खवचटपणे बोलले. त्याचा चेहरा उतरला. तो भिंतीपाशी गेला आणि बोटांनी तिच्यावर टकटक केली. "ह्याच्या पलीकडं पॅकिंगच्या बाया बसतात. अकरा जणी. त्यात माझी आई हाय, मॅडम. मी झोपेत न्हाय."

गाठोडं उचलून मी पावसात निघून गेले, आणि उत्तर सुचलं नाही याचाही मला घरी पोचेपर्यंत राग येत होता.

त्याचं नाव भाविक तरे. राहनाळचाच. आयटीआय केलेला, गोडाऊनमधल्या फोर्कलिफ्ट आणि बॅटऱ्या त्याच्याकडे. हे मला गेटवरच्या वॉचमननं न विचारता सांगितलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी नवा पडदा वाढवून परत गेले. या वेळी भोंगा ठेवला नव्हता; एरवी आकडे आणि हायड्रोजन एक टक्क्यावर गेला की अलार्म, दोन्ही थेट मोबाईलवर यायचे. माझ्या, आणि त्यानं मागितलं म्हणून त्याच्याही.

"हायड्रोजन हवेपेक्षा हलका ना?" शिडीवर चढत भाविक म्हणाला.

"हो."

"मंग वर जाणार. आधीचा डबा खाली टेबलावर कशाला ठेवलेला?"

"ती जागा तुमच्या मॅनेजरांनी दिली होती."

"आणि तुम्ही घेतली," तो शिडीवरूनच म्हणाला, आणि सेलवर चालणारा नवा डबा छताजवळच्या केबल ट्रेला बांधून टाकला.

चूक माझीच होती. पण ज्या शांतपणे त्यानं ती दाखवली त्या शांतपणावर मी चिडले.

मी दर मंगळवारी जाऊ लागले. भाविक वहीत रोज लिहून ठेवायचा... किती गाड्या चार्जिंगला, दार उघडं की बंद, पाऊस की ऊन. काम झालं की समोरच्या टपरीवर चहा व्हायचा आणि त्या वहीवरून भांडण.

"हा सात आहे की एक?"

"सात."

"सात असा काढतात? याच्यावर माझा प्रबंध उभा राहायचाय."

"मॅडम, एक सांगू? तुम्ही चिडलात की तुमच्या टेमघर गावचं बोलता."

"मी कुठं बोलत हाय," मी म्हणाले. त्यानं ग्लास तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

आकडा माझ्या मोबाईलवर असायचाच, तरी रोज दुपारी त्याचा मेसेज यायचा. ०.४. खाली एक ओळ — जेवलात? मी उत्तर द्यायचे, दशांश दोन स्थळांपर्यंत लिहा. पुढच्या दिवशी यायचं, ०.४१. जेवलात? एका दिवशी मेसेज आला नाही, आणि लॅबमध्ये मी तीन वेळा मोबाईल उघडून पाहिला. नेटवर्क गेलं होतं म्हणे. मी त्याला नेटवर्कवरून सुनावलं.

सप्टेंबरात, एका गुरुवारी दुपारी, आकडा चढू लागला. ०.९. मग १.१. सणांचा माल आला होता, सहा गाड्या एकदम चार्जिंगला लावल्या होत्या आणि पाऊस आत येतो म्हणून शटर ओढलेलं होतं. १.४. मी फोन लावला.

"भाविक..."

"बघतोय," तो म्हणाला आणि फोन कापला.

१.८. मी लॅबच्या स्टुलावर बसून तो आकडा बघत राहिले. मग तो थांबला. मग हळूहळू खाली आला.

त्यानं खोलीतल्या बटणांना हात लावला नव्हता, ठिणगी उडाली असती. बाहेरच्या पॅनलवरून सगळा पुरवठा तोडला, हातानं शटर वर केलं, आणि पॅकिंगच्या अकराही बायकांना पावसात उभं केलं. माल जाणं अडीच तास थांबलं. संध्याकाळी चौधरींनी त्याचा गेटपास काढून घेतला.

"आई जरा भिजली," तो फोनवर म्हणाला. "बाकी काय न्हाय."

"बाकी काय नाही? नोकरी गेली तुमची."

"ती गेली."

मी भडकले होते. आणि त्या रागाच्या तळाशी एक भीती बसली होती. पडदा सहा आठवडे दमट हवेत होता. दमट हवेत असे पडदे भरवशाचे राहत नाहीत. तो चुकला असेल तर? माझ्या चुकीपायी या माणसाची नोकरी गेली असेल तर?

"मला विचारायचं होतंत," मी म्हणाले. "आकडा जास्त दाखवत असला तर..."

"वेळ नव्हता." जरा थांबून तो म्हणाला, "आणि तुम्ही बनवलेला होता तो."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई, राहीबाई, रिक्षानं टेमघरला आमच्या घरी आली. जेवणाच्या पिशवीतून तिनं माझा सेन्सरचा डबा बाहेर काढला. "घे. फेकणार होते ते. मी शिडीवर चढून आनला." पन्नाशीची बाई, शिडीवर. तिनं पाणीही घेतलं नाही, शिफ्ट होती म्हणाली.

दोन दिवस मोबाईल बाजूला ठेवून मी तो पडदा लॅबमध्ये तपासला. हवा गोडाऊनइतकी दमट केली, बाटलीतून मोजून हायड्रोजन सोडला. आकडा १.८ यायला मला २.३ टक्के वायू सोडावा लागला. पडदा चुकला होता, पण उलट्या बाजूनं. ओलाव्यानं तो मंद झाला होता. त्या दुपारी खोलीत आम्ही समजलो त्याहून जास्त हायड्रोजन होता. मी नळी बंद केली.

गाईड सर आलेख बघून खूश झाले. "छान. ओलाव्याचा परिणाम म्हणून पेपरमध्ये टाक. पण गोडाऊनला काही कळवू नकोस. परवानगी अभ्यासापुरती होती. उद्या कोणी दार उघडणार नाही आपल्याला."

"आत जे दिसलं ते सांगायचंच नसेल, तर दार उघडून घ्यायचं कशाला, सर?"

मी दोन पानं मराठीत लिहिली, आकड्यांसकट, खाली स्वतःचं नाव, उन्नती दौलत भोईर. एक प्रत सरकारच्या सुरक्षा खात्यात पोच घेऊन दिली, दुसरी राहीबाईसाठी पर्समध्ये ठेवली, तिसरी घेऊन चौधरींकडे गेले.

त्यांनी पानं वाचलीच नाहीत. "कशाला त्रास घेता, ताई? तुमच्या भाविकनंच सही करून दिली आहे की अलार्म खोटा होता. सोमवारपासून परत येतोय कामावर."

तिथून त्याच्या घरापर्यंतची दहा मिनिटं मला आठवत नाहीत. तो अंगणात कोणाचा तरी पाण्याचा पंप उघडून बसला होता. हात काळे, केसांत पावसाचे थेंब.

"सही केलीस तू?" मी फाटकातूनच विचारलं. 'तुम्ही' कुठं गेलं, मला कळलं नाही.

"केली."

"लाज न्हाय वाटली? मी दोन दिवस त्या पडद्यापुढं बसले. तुझी आई शिडीवर चढली. सरांशी भांडून आले मी. आणि तू... नोकरीसाठी मना खोटी ठरवलीस?"

तो उठला. हात पुसले, सावकाश. मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. छापलेल्या कागदाचा फोटो होता. 'अलार्म खोटा होता' ही ओळ पेनानं आडवी खोडलेली. खाली त्याच्या अक्षरात — अलार्म खरा होता. पंखा एप्रिलपासून बंद आहे. तीन वेळा सांगितले. मग सही.

"त्यांनी सही बघितली," भाविक म्हणाला. "वर काय लिहिलंय ते बघितला न्हाय. फाईलला लावून टाकला."

मी फोटो दोनदा वाचला. मग रागानं नाही, पण डोळे भरून आले, आणि ते त्यानं पाहिलं म्हणून मी पुन्हा चिडले.

"हे मला कळवता येत नव्हतं?"

"तुम्ही फोन उचलत नव्हता."

दारातून राहीबाई म्हणाली, "भांडून झाला असंल तर आत या दोघं. चहा निवतोय." मी तिची प्रत तिच्या हातात दिली.

सोमवारी अकराही बायका शटरबाहेर बसल्या. त्यांच्यातल्या जानकीबाईंना वाचता येत होतं. त्यांनी माझी दोन पानं मोठ्यानं वाचली, आणि पंखा फिरल्याशिवाय आत जाणार नाही असं सांगितलं. हमालही बसले. चौधरी ओरडले, मग फोन करत फिरले, मग दुपारी खोके हलले. पंखा सुरू झाला. चार दिवसांनी सुरक्षा खात्याचा माणूस येऊन पंचनामा करून गेला.

भाविकला मात्र चौधरींनी परत घेतलं नाही. फाईलमधला कागद कोणीतरी वाचला होता. चौधरी अजूनही त्याच खुर्चीत आहेत. ही गोष्ट मला आजही टोचते आणि ती टोचत राहावी असंच मला वाटतं. पेपरच्या वेळी सर म्हणाले, इलेक्ट्रिशियनचं नाव आभारात घालू. मी म्हणाले, सहा आठवड्यांचे आकडे त्याचे आहेत, नाव लेखकांत जाईल, नाहीतर पेपर जाणार नाही. आठ दिवस आम्ही बोललो नाही. नाव लेखकांत गेलं.

ऑक्टोबरात भाविकला पडघ्याच्या एका गोडाऊनमध्ये काम लागलं. तिथली सगळी चार्जिंग रूम त्याच्या ताब्यात. कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी तो टेमघरला आला. पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या कडेनं आम्ही चालत होतो. ऊन तिरपं झालं होतं, गवत कमरेएवढं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "चिडणार नसशील तर."

"चिडणार."

"मंग विचारतोच. रविवारी आईला घेऊन तुझ्या घरी यावा म्हणतो. पण... तुझ्या बाबांना काय सांगू? मी कोण?"

"हे आत्ता सुचलं तुला? इतके दिवस रोज जेवलात का, जेवलात का... आणि मुद्द्याचं आज?"

"तू दशांश मागत होतीस," तो हळूच म्हणाला. "मी तेच देत बसलो."

मी चालायची थांबले.

"बाबांना मी सांगितलंय," मी म्हणाले. "मागच्याच आठवड्यात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय सांगितलंस?"

"की राहनाळचा एक माणूस हाय. त्याच्यावर मी रोज चिडते. आणि ज्या दिवशी चिडायला तो भेटत न्हाय..." मी गवताकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मना जेवण जात न्हाय."

भाविक हसला नाही. ग्रीसचे डाग न निघालेला हात त्यानं पुढं केला, जरा घाबरतच, आणि मी तो धरला.