दुसऱ्या टप्प्याचं काम

नियोजन विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे कात्री. सोळा वर्षांत तिच्या टेबलावर आलेला एकही प्रस्ताव आला तेवढ्याच अंगाने बाहेर पडला नव्हता. कुणाची इमारत एका मजल्याने बुटकी व्हायची, कुणाचे परदेश दौरे गळायचे. हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून थोडंसं आवडायचंही.

त्यामुळे मूलकण संशोधनाची जाडजूड फाइल तिच्याकडे आली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. एका बंद पडलेल्या खाणीत, जमिनीखाली एक किलोमीटरवर, बावीस वर्षांपासून एक प्रयोगशाळा चालू होती. आकाशातून अखंड कोसळणारे कण वरच्या खडकातच अडकतात. जे मोजके चिवट कण आरपार येतात, त्यांची नोंद तिथलं यंत्र घ्यायचं. आता त्याच्याखाली आणखी तीनशे मीटरवर नवं, मोठं दालन खोदायचं होतं. फाइलवर लिहिलं होतं, ‘दुसरा टप्पा’.

“मंत्र्यांनी भाषणात सांगून टाकलंय,” सहसचिव म्हणाले. “तुम्ही फक्त जाऊन या, चहा प्या आणि ‘योग्य’ असा शेरा मारा. या वेळी कात्री घरी ठेवा.” आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात आल्यावर ते उगाचच खोकले.

ती गुरुवारी सकाळी खाणीवर पोचली. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट, ती चालवणारे पिकल्या मिशांचे एक काका, आणि खाली जाताना कानांना बसलेले दडे. खाली गार असेल असं वाटून तिने शाल आणली होती. पण तिथे चक्क उकडत होतं. खडकाच्या भिंतींना पांढरा चुना दिलेला, पंख्यांची एकसुरी घरघर, आणि मधोमध तीन मजली घराएवढं यंत्र. लोखंडी पत्र्यांचे थरावर थर.

संचालक उंच, थोडे वाकलेले गृहस्थ होते. गळ्यात दोऱ्यांना अडकवलेले दोन चष्मे. एक जवळचा, एक लांबचा. आणि दोन्ही सोडून ते डोळे बारीक करूनच बघायचे. नोंदी ठेवायला एक चाळिशीच्या बाई होत्या. अकरा वर्षं पडद्यावरचे ठिपके टिपून टिपून त्यांचं नाव ठिपकेताई पडलं होतं.

पाणी झिरपतं का, लिफ्ट किती जुनी, कर्मचारी किती, असले प्रश्न तिने पटापट उरकले. संचालक उत्तरं देत होते, पण त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

“मॅडम, एक दाखवायचंय,” शेवटी ते म्हणाले. “फाइलमध्ये नाहीये ते.”

त्यांनी तिला पडद्यासमोर बसवलं. काळ्या पडद्यावर बारीक रेषा उमटत होत्या.

“वरून येणारे कण आम्ही ओळखतो. हे खालून येताहेत.”

“खालून येत नाहीत का?”

“येतात. पृथ्वी भेदून, कधीतरी एखादा. इथं रोज साडेतीनशे. आणि या रेषा मागे लांबवल्या की त्या ठरावीक बिंदूंपाशी एकत्र येतात. तीनशे मीटर खाली. अखंड खडकात.”

“म्हणजे यंत्र बिघडलंय,” ती म्हणाली.

“तीन वेळा उघडून पुन्हा बसवलं.”

“मॅडम, तुम्ही वेळ बघा ना,” ठिपकेताईंनी मध्येच वही पुढे सरकवली. पाच महिन्यांच्या नोंदी होत्या. पहिला ठिपका सकाळी दहाला, कधी दहा पाचला. एक ते दीड काहीच नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर काहीच नाही. रविवार कोरे.

तिला हसू फुटलं. “सरकारी दिसताहेत.”

कुणीच हसलं नाही.

“मीही हसलो होतो,” संचालक म्हणाले. “मग गेल्या महिन्यात ते माजी मंत्री वारले आणि सरकारने साडेअकराला सुट्टी जाहीर केली, आठवतंय? त्या दिवशी ठिपके अकरा चाळीसला थांबले. आम्हाला ते परिपत्रक दुसऱ्या दिवशी मिळालं.”

तिने घड्याळ पाहिलं. एकला दोन मिनिटं होती. तिघंही पडद्याकडे बघत राहिले. रेषा येत होत्या, विझत होत्या. काटा एकावर गेला आणि पडदा काळा झाला. नुसती पंख्यांची घरघर उरली. आपण खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवरून उचलून धरलेत, हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

लिफ्टकडे परतताना संचालक हळू आवाजात म्हणाले, “प्रस्ताव माझाच आहे. बावीस वर्षं मागत आलो. तुम्ही तो नामंजूर करा.”

“मग तुम्हीच मागे घ्या ना, सर.”

“दोनदा पत्र पाठवलं. मंत्र्यांनी जाहीर केलेलं काम मागे घेता येत नाही, असं उत्तर आलं.”

लिफ्टच्या दारापाशी ठिपकेताईंनी तिला गाठलं. “सर काही म्हणोत, मॅडम. आम्ही शेहेचाळीस माणसं आहोत इथे. दुसरा टप्पा आला नाही तर पहिल्यालाही टाळं लागेल. माझ्या मुलीचं कॉलेज अजून तीन वर्षं आहे हो.” निघताना त्यांनी ते खोलवरचे बिंदू ठिपक्यांनी मांडलेला एक मोठा कागद गुंडाळून तिच्या हातात दिला. नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने घेतला.

रविवारी सकाळी तो कागद तिने घरी जेवणाच्या टेबलावर पसरला. बाबा पेपर वाचत बसले होते. ते बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी भिंग खिशातून हललं नव्हतं.

“कुणी काढलाय गं हा?”

“नकाशा नाहीये तो, बाबा. यंत्राच्या नोंदी आहेत.”

“मला शिकवतेस?” त्यांनी भिंग लावलं. “हा पाया. भिंत उत्तरेकडून उचललीय, ही बघ. इथे दार सोडलंय. छत व्हायचंय अजून. काम चालू आहे गं हे. कोण ठेकेदार आहे? हात सुरेख आहे हं.” मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. “पण हे काय? दाराच्या मधोमध खांब? गाढवपणा आहे शुद्ध.”

तिने बॅगेतून प्रस्तावाची फाइल काढली, शेवटचं, दालनाच्या नकाशाचं पान उलगडलं आणि दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले.

बेचाळीस मीटर लांब, अठरा मीटर रुंद. भिंतीवर भिंत बसत होती. कोपऱ्यातली कर्मचाऱ्यांची खोलीसुद्धा. प्रस्तावाच्या नकाशात कुणाच्या तरी हातून एक खांब चुकून दाराच्या वाटेत पडला होता. कुणाच्या ध्यानात आला नव्हता. तिच्याही नाही.

वेळापत्रकाचं पान तिने शेवटी काढलं. ‘पाचवा महिना : भिंती.’

“मंजुरी मिळाली वाटतं?” बाबांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “अजून नाही.”

त्या रात्री जेवणाचं ताट बाजूला सारून ती दोन्ही कागद पुन्हा ताडून बघत बसली. काहीतरी साधं कारण असणार. तो नकाशा कुणीतरी यंत्रात घातला असेल, ठिपकेताईंनी नोकरी टिकवायला बनाव रचला असेल. सोळा वर्षं तिने लोकांच्या थापा पकडल्या होत्या. हीही पकडता येईल.

सोमवारी ती दहाला ऑफिसात आली. खोलीचं दार लावून घेतलं. फाइल उघडली आणि जिथे दालनाची लांबी बेचाळीस लिहिली होती तिथे पेन्सिलने काट मारून वर तीस लिहिलं. घड्याळ पाहिलं. दहा पस्तीस. फाइल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली पर्समध्ये. कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. बाबांनाही नाही.

दुपारी तिने खाणीवर फोन लावला. “काय ताई, काय म्हणताहेत तुमचे ठिपके?” आवाज शक्य तेवढा सहज ठेवला.

“मी तुम्हालाच फोन करणार होते, मॅडम. पूर्वेकडचे ठिपके बंद झालेत. दहा सदतीसपासून एकही नाही.”

“मग आहेत कुठपर्यंत?”

“थांबा हं, मोजते.” कागदांची सळसळ झाली. “तीस मीटर. बरोबर तीस. आणि तिथे आता आडवी नवी ओळ उमटायला लागलीय. भिंत घातल्यासारखी.”

फोन ठेवल्यावर तिने खोडरबर हातात घेतलं आणि तसंच धरून बसली. खोडलं, तर तोही खालच्यांना दिलेला हुकूमच झाला. मग तिने रबर ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्यानंतरचे नऊ दिवस तिने त्या फाइलजवळ पेन्सिल नेली नाही. दुसऱ्या फाइलींवर शेरे मारतानाही हात थबकायचा. एका शाळेच्या प्रस्तावातल्या दोन खोल्या कापायच्या होत्या. तिने त्या तशाच जाऊ दिल्या. तिसऱ्या मजल्यावर कुजबुज झाली, की कात्रीची धार गेली.

समितीसाठी तिने चार पानी टिपण लिहिलं. पाण्याचा झिरपा, लिफ्टचं वय, परदेशी भागीदार नसणं. त्यात एकही कारण खोटं नव्हतं, आणि खरं कारणही कुठे नव्हतं. शेवटी मात्र तिने एक ओळ घातली : आहे ती प्रयोगशाळा आहे त्या माणसांसह पाच वर्षं चालू ठेवावी.

सहसचिवांनी टिपण वाचलं. “तुमची बढती पुढच्या महिन्यात आहे,” एवढंच म्हणाले.

“हो सर.”

“मंत्र्यांना मी काय सांगू?”

“खाली खडक चांगला नाही, असं सांगा.”

बैठक बुधवारी झाली. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी दुसऱ्या टप्प्याची बाजू लावून धरली. जग कुठल्या कुठे पोचलं आणि आपण लिफ्टचं वय काय मोजत बसलोय, असं म्हणाले. तिला ते सगळं पटत होतं. एरवी तीच त्यांच्या बाजूने भांडली असती. टेबलाखाली तिची बोटं एकमेकांत घट्ट गुंतली होती. एका मताच्या फरकाने प्रस्ताव पडला. बारा वाजून वीस मिनिटांनी अध्यक्षांनी ‘नामंजूर, काम बंद’ लिहून सही केली.

तिने जिन्यातूनच फोन लावला.

“थांबले, मॅडम!” ठिपकेताई जवळजवळ ओरडल्या. “बारा वीसला. एकदम सगळे. आणि सरांना आत्ताच वरून फोन आला, आमच्या नोकऱ्या राहिल्या म्हणून. तुमचे उपकार कसे फेडू?”

तिचा जीव भांड्यात पडला. बऱ्याच दिवसांनी तिने पोटभर जेवण केलं.

तीन वाजता फोन वाजला. संचालक होते. मागे मोकळ्या हवेचा आवाज; म्हणजे ते वर, खाणीच्या तोंडाशी उभे असावेत.

“मॅडम, लिफ्ट दीड वाजल्यापासून आपली आपणच खाली जातेय.”

“तुमच्या दालनात?”

“दालनात थांबत नाही. पुढे जाते.”

“पुढे तर खडक आहे.”

“हो. दोर किती सुटला ते दाखवणारा काटा आहे इथे. तेराशे मीटर दाखवतोय.”

तिने खोलीचं दार लावून घेतलं.

“वर येते तेव्हा रिकामी असते. मी स्वतः बघतोय. पण वजनाचा काटा बारा माणसांचा भार दाखवतो. दार उघडलं की तो हळूहळू खाली येतो. एकेक माणूस उतरावं तसा.”

“किती वेळा?”

“सतरा खेपा झाल्या.”

“वीज तोडा, सर. आत्ताच्या आत्ता.”

“मीही तेच म्हणालो.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, दमलेला. “तर ठिपकेताई म्हणाल्या, काम बंद झालंय म्हटल्यावर माणसांना वर येऊ द्यायला नको का?”



फोनमध्ये जाळीचं दार सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ लिफ्टवाल्या काकांचा, एव्हाना सवयीचा झालेला आवाज :

“सावकाश उतरा. पायरी आहे.”