टर्नबकलची तार

वात जरा खाली कर, काळूराम. एवढा उजेड या गोष्टीला नको.

माझ्या वहीत तारीख आहे. २९ नोव्हेंबर १९२९, शुक्रवार. अमावास्या दोन दिवसांवर होती.

हमीद माझा जुना मित्र. मुंबईच्या एका शेठच्या विमानावर तो फिटर होता. हाताखाली आपल्या किहीमच्या कोळीवाड्यातला सदा. विमान लढाईतलं, जुनं. इंजिनाला एरंडेल लागायचं. सदा घरी आला की बायको, तुळशी, नाक धरायची. "माशांचा वास परवडला, पन ह्यो नको!"

आदल्या शनिवारी ते विमान किहीमच्या वाळूत पडलं. पायलट आणि मागच्या सीटवरचा सदा, दोघंही गेले. मोडका सांगाडा लोकांनी ओढून सुरूच्या झाडांखाली ठेवला. चौकशीचा साहेब ३० तारखेला सकाळी येणार होता.

त्या शुक्रवारी रात्री नऊला हमीद माझ्या दारात. "हरेश्वर, कंदील दे. आणि पक्कड."

"आत्ता? कशाला?"

मग त्याने सांगितलं. शेपटीच्या सुकाणूला ओढणाऱ्या तारा एका पितळी टर्नबकलने ताणतात. ते फिरून सुटू नये म्हणून त्याच्या भोकांतून बारीक तार ओवून पीळ घालतात. ती तार हमीदने घातलीच नव्हती. लॉगबुकात मात्र 'घातली' म्हणून सही केली होती.

"सदाने घाबरून सुकाणूच्या पेडलवर पाय दिला, असं मी लिहून दिलंय. साहेबाला तार दिसली की मिटलं. मेलेल्याचं काय जातंय?"

मेलेल्याचं! तुळशीच्या पाटीतले मासे सहा दिवस कुणी घेत नव्हतं. विहिरीवर बाया तोंडावर म्हणायच्या, "तुज्या नवऱ्यानं पायलट सायबाला खाल्लन." ती एकच बोलायची, "होडीतसुदा तो सांगितल्याबिगर सुकाणूला हात लावीत नसं."

मला हमीदची किळस आली. तरीही मी कंदील दिला. ती किळस अजून गेलेली नाही, आणि ती हमीदची नाही.

पुढचं त्याने मला सांगितलं तसं सांगतो.

शेपटीचं कापड एका जागी फाटलं होतं. आत सडक्या खेकड्यांची घाण. त्यावर आंबलेलं एरंडेल. कंदील वाळूत ठेवून त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला. टर्नबकल चाचपलं. तार ओवली. पीळ घालायला दोन माणसं लागतात, एकाने टोक ताणून धरायचं. दहा वर्षं सदाच धरायचा. ओठांवर सवयीने आलं…

"धर रे."

तार ताणली गेली.

हमीद थांबला. वारा नव्हता. त्याने तार हळूच ओढली. पलीकडून तेवढीच ओढली गेली.

"कोण…?"

 मग मनगटाला काहीतरी लागलं. गार. मऊ. पाण्यात फुगलेल्या पावासारखं. त्यावरची साल सरकत होती…

बोटं होती.

त्याने हात ओढला. सुटेना. ओरडायला तोंड उघडलं, तर घशात एरंडेल…

"मग वो, काका?" नलू, अशी मधे बोलू नको.

साडेदहाला तो माझ्या ओट्यावर पडला. ओकत होता. कंदील नाही, पक्कड नाही. उजव्या मनगटात तार रुतलेली.

"तोड," म्हणाला.

"उद्या खरं सांगशील?"

 त्याने होकाराची मान हलवली.

सकाळी साहेबाने शेपटी उघडली. टर्नबकलची भोकं रिकामी होती. हमीदने सगळ्यांसमोर, तुळशीच्या देखत, सांगितलं.  ती त्याच्या पायाशी थुंकली आणि पाटी उचलून निघून गेली.

मनगटावरून तोडलेली तार मी डबीत ठेवली आहे. नंतर ती मी तुळशीला दाखवली. बघताक्षणी तिने तोंडाला पदर लावला.

हमीद उजव्या हाताचा. त्याचा पीळ उजवा पडायचा. सदा डावखुरा, कधी त्याने पीळ घातला तर डावा पडायचा. आणि सदाची एक खोड होती. पीळ संपला की तारेचं टोक तो आत दुमडून टाकायचा, दुसऱ्याच्या हाताला बोचू नये म्हणून.

ही बघा. पीळ डावा आहे.

टोक… आत दुमडलेलं आहे.